अंगठ्याला विचारा

माझा नातू बंगळूरला ‘इंटरॅक्शन डिझाइन’ नावाचं काहीतरी शिकतो. परवा सुट्टीत आला होता. जेवताना मला समजावून सांगायला लागला, “आजी, पूर्वी माणूस उठून यंत्रापाशी जायचा. आता यंत्रच माणसाच्या खिशात बसून फिरतं. त्यामुळे यंत्राशी वागायची सगळी रीतच बदलली. लोकांना हे आता आता कळायला लागलंय.”

मी आमटीचा डाव पातेल्यात ठेवला. “आता आता? अरे जा! आमच्या अनंतदांना हे तुझा बाप जन्मायच्या आधी ठाऊक होतं. तेही डमडमला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसून!”

“कोण अनंतदा?” त्याने विचारलं. झालं. त्याची आमटी गार झाली, ताटातला भात वाळला, तरी माझं अर्धं सांगायचं राहिलंच. ते सगळं आता इथे लिहिते. ज्याला कंटाळा येईल त्याने उठून हात धुवावेत.

साठीचं दशक संपत आलं होतं. आमच्या ह्यांची बँकेने कलकत्त्याला बदली केली आणि मी पुण्याहून ट्रंका बांधून तिकडे गेले. दिवसभर घरात बसून काय करणार? शेजारणी मायाळू, पण त्यांचं बंगाली मला कळेना आणि माझं हिंदी त्यांना. शेवटी फिजिक्सची बी.एस्सी. कपाटातून बाहेर काढली आणि डमडमला एका रेडिओच्या कारखान्यात नोकरी धरली. काम टेस्टिंगचं. तयार सेट टेबलावर ठेवायचा, सगळी स्टेशनं नीट लागतात का ते बघायचं, शिक्का मारायचा, पुढचा सेट घ्यायचा.

पहिल्याच दिवशी माझ्या टेबलापाशी एक उंच, वाळका गृहस्थ येऊन उभा राहिला. शर्टाचा डावा खिसा खाली ओघळलेला आणि ओला. चक्क मराठीत म्हणाला, “डोळे मिटा.”

परमुलखात मराठी ऐकून मी एवढी दचकले, की मिटले डोळे! हातावर गार, लिबलिबीत काहीतरी पडलं. मी किंचाळलेच. “घाबरू नका, माती आहे. गंगेचा आहे, स्वच्छ. मूठ आवळा. हां. आता अंगठा हलवा. तो आपोआप कुठे जातो? मला सांगू नका, त्यालाच जाऊ द्या.” मग मातीचा तो गोळा अलगद काढून घेतला, उजेडात फिरवून बघितला आणि म्हणाला, “दारुण!” म्हणजे बंगालीत झकास. “मिळाली तुमची मूठ. बरं, नाव काय तुमचं?”

हे अनंत पेठे. कॅबिनेट विभागाचे प्रमुख. म्हणजे रेडिओची बाहेरची पेटी, बटणं, डायल, सगळं त्यांच्या हातचं. मजुरापासून मालकापर्यंत सगळे त्यांना अनंतदा म्हणत, बंगाली तोंडात त्याचं ‘ओनोन्तोदा’ व्हायचं. त्यांच्या खोलीच्या खिडकीत वाळलेल्या मातीच्या मुठींची रांग होती. दरवानाची मूठ, कॅन्टीनच्या आचाऱ्याची, युनियनच्या पुढाऱ्याची, आता माझी. माणसांची नावं ते सर्रास विसरत, पण मूठ विसरत नसत. “त्या लांब करंगळीवाल्याला बोलाव,” असा त्यांचा निरोप यायचा आणि आम्ही बरोबर त्या माणसाला बोलवायचो. एकाच माणसाची मूठ तिथे नव्हती, ती सेल्स मॅनेजर लाहिरीसाहेबांची. त्यांना हात चिखलात घालायचे नव्हते.

पेठ्यांचं घराणं बागबाजारात दोन-तीन पिढ्यांपासूनचं. बंगाल्यांनी बर्गी, म्हणजे पूर्वी बंगालवर चालून गेलेले मराठी लुटारू, म्हणून चिडवलं की अनंतदा खूश व्हायचे. “आम्हाला अडवायला तुम्ही एवढा खंदक खणला. शेवटी मी त्याच खंदकाच्या तोंडाशी बिऱ्हाड थाटलं आणि तुमच्याच बहिणी मला दादा म्हणून भाऊबीजेला ओवाळतात. कोण जिंकलं बोला!” मराठी मात्र त्यांचं जरा लंगडत चालायचं. तो माती, ती रेडिओ, असं काहीही. मग आतून त्यांच्या आईचा आवाज यायचा, “ती माती रे! आणि तो रेडिओ!” आईला सगळे माई म्हणत. अनंतदांनी लग्न केलं नव्हतं. घरात ही दोघंच.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा भिंतीवरच्या फळीवर एक मोठा रेडिओ होता. वर क्रोशाचं झाकण, झाकणाला मोत्यांची झालर. माई स्वयंपाकघराच्या उंबरठ्यात बसून भजन ऐकत होत्या. तेवढ्यात भजन संपलं आणि शेतीविषयक भाषण सुरू झालं. माई तेही ऐकत बसल्या.

मी म्हटलं, “माई, दुसरं काही लावू का?”

“अगं नको!” त्या एकदम घाबऱ्या झाल्या. “तो काटा अण्णांनी लावलेला आहे. हलला, बिघडला, मग? मला नाही बाई त्यातलं कळत.”

अण्णा म्हणजे अनंतदांचे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते असताना त्या रेडिओला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही अशी शिस्त होती. ते गेले, पण शिस्त राहिली. अनंतदा संध्याकाळी कामावरून येऊन रेडिओ सुरू करून द्यायचे. त्यांना उशीर झाला की घर मुकं. माई दिवा लावून गप्प बसून राहायच्या.

मला पोचवायला खाली येताना जिन्यात अनंतदा म्हणाले, “सुधा, मी शाळेत होतो तेव्हापासून घरात रेडिओ आहे. माईने एकदाही स्वतःच्या हाताने स्टेशन लावलं नाही. मी कंपनीत एवढे रेडिओ केले, सगळे फळीवर ठेवायचे. देव्हाऱ्यातले. पुढे जाऊन बसायचं, नीट बघायचं, मग भीत भीत हात लावायचा. आता ट्रान्झिस्टर आलाय. खिशात मावतो. हा मला असा करायचाय की माईने तो उचलावा आणि स्वतः लावावा. तेवढं झालं की मी सुटलो.”

एरवी सारखी थट्टा करणारा माणूस त्या दिवशी अजिबात हसला नाही.

त्या काळात सगळेच कारखाने खिशातले ट्रान्झिस्टर काढायला निघाले होते. बहुतेकांचं डोकं एकाच वाटेने चाले. मोठा रेडिओ घ्यायचा आणि तो लहान करायचा. पुढे काचेची डायल, खाली दोन बटणं, अगदी बाहुलीच्या घरातल्यासारखं. आमच्या इंजिनियरांनीही तेच केलं होतं. कारण आम्ही सेट तपासायचो टेबलावर! मीसुद्धा. दोन्ही हात मोकळे, डोक्यावर दिवा, समोर खुर्ची. ट्रान्झिस्टर विकत घेणारा माणूस ह्यातलं काहीही बरोबर घेऊन फिरत नाही, हे कोणाच्याच टाळक्यात आलं नव्हतं.

अनंतदा म्हणायचे, “ट्राममध्ये एक हात दांडीला. डोळे रस्त्यावर, नाहीतर खिसेकापूवर. मग रेडिओसाठी उरलं काय? अंगठा! मला विचारू नका, लाहिरीला विचारू नका. अंगठ्याला विचारा.” कडेला अंगठ्याने फिरवायच्या चकत्या परदेशी सेटवर होत्याच, ते काही त्यांनी शोधलं नाही. पण तिकडच्या दोन्ही चकत्या एकाच कडेला आणि हुबेहूब सारख्या. आवाज वाढवायला जावं आणि स्टेशनच निसटावं. अनंतदांनी आवाजाची चकती कडेला घेतली आणि तिला खरखरीत दाते दिले. स्टेशनची नेली वरच्या डोक्याला, आणि ती ठेवली गुळगुळीत. मातीत करायचे, मोडायचे, पुन्हा करायचे. माती कुमारटुलीतून यायची. तिथले एक मूर्तिकार त्यांचे मित्र होते. दुर्गेची बोटं घडवून उरलेल्या मातीतून आमचा रेडिओ घडत होता.

रविवारी ते मला आणि ह्यांना सॉल्ट लेकला न्यायचे. तेव्हा तिथे कसलं शहर न काय, नुसती भरावाची वाळू. आमच्या बँकेतल्या साहेबाला खिशात सेट घालून त्या वाळूतून पळवायचे! हे बिचारे पॉलिश केलेल्या बुटांनिशी धावायचे आणि अनंतदा मागून ओरडायचे, “थांबू नका, स्टेशन बदला!” एकदा धावता धावता ह्यांच्या खिशात सेट आपोआप सुरू झाला आणि हे भूत लागल्यासारखे उडाले. त्यावरून चालू करायच्या जागी एक घट्ट खटका आला. अंगठ्याने मुद्दाम जोर दिल्याशिवाय तो सरकायचाच नाही. हा खटका आपल्यामुळे आला असं हे पुढे जन्मभर सांगत राहिले.

आणि ते पोलीस ठाण्याचं प्रकरण! दिवस फार वाईट होते. भिंतींवर घोषणा, गल्लीबोळांत बॉम्ब, कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस. अशा दिवसांत हा शहाणा माणूस ओल्या फडक्यात गुंडाळलेला गोळा पिशवीत घेऊन, अगदी जपून, धक्का लागू न देता, श्यामबाजारच्या गर्दीतून चाललेला. शिपायाने अडवलं. “पिशवीत काय?”

“रेडिओ,” अनंतदा म्हणाले.

फडकं सोडलं तर आत चिखल. नेलं उचलून! कारखान्यात निरोप आला. माईंना काय सांगायचं? मी आणि आमचे ऑफिसातले एक बाबू टॅक्सी करून ठाण्यावर धावलो. बघतो तर काय, मोठे दारोगा डोळे मिटून माती आवळतायत, भोवती चार शिपाई आपला नंबर यायची वाट बघतायत आणि अनंतदा दारोगांना सांगतायत, “सोडा हो, मनगट ढिलं सोडा.”

मला बघून म्हणाले, “सुधा, बरं झालं आलीस. ह्यांचा अंगठा बघ केवढा रुंद! माझी चकती अरुंद पडते.”

मी तिथेच भडकले. सगळ्यांदेखत! “अहो, गोळी घातली असती म्हणजे? काही अक्कल आहे की नाही?”

“हो गं,” ते म्हणाले, “पण चकती मोठी करावीच लागणार.” ती केलीच त्यांनी. ह्या माणसावर रागावून उपयोग नसायचा, आणि परतताना टॅक्सीत मी रागही विसरून खो खो हसत होते.

नमुने तयार झाले आणि मालकांच्या खोलीत बैठक बसली. साचा एकदाच बनणार होता, त्यामुळे एकच नमुना निवडायचा होता. लाहिरीसाहेबांचा म्हणजे बाहुलीच्या घरातला, समोर दोन सोनेरी बटणांचा. ते स्पष्टच म्हणाले, की दुकानाच्या शोकेसमध्ये जे चमकतं तेच खपतं, आणि हा नमुना मान्य झाला तर वेगळा कॅबिनेट विभाग हवाच कशाला? परदेशी सेट बघून पेट्या करता येतील. मिस्टर पेठ्यांना पॅकिंगला जागा आहे. हे सगळं अनंतदांच्या तोंडावर.

दोन्ही सेट टेबलावर ठेवले. सोनेरी बटणांचा सेट ऐटीत उभा राहिला. अनंतदांचा ठेवला आणि तो धप्पकन पालथा पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. मुठीच्या आकाराचा ना तो! बूड गोल. इतकी वर्षं माणसांचे हात बघितले, पण आपल्याला दाखवायचंय टेबलावर, हे अनंतदांच्या ध्यानातच नाही! सगळे हसले. मला तर रडूच फुटायला आलं. अनंतदांचे कान लाल झाले होते, पण आवाज साधा होता.

ते मालकांना म्हणाले, “सर, हा टेबलाचा नाहीच. उद्या तुम्ही मैदानावर मॅचला जाणार. दोन्ही सेट बरोबर न्या. मॅच संपल्यावर सांगा.”

मालक फुटबॉलवेडे. कलकत्त्यात कोण नसतो! मैदानावर जाऊन समोरची मॅच डोळ्यांनी बघायची आणि त्याच मॅचचं धावतं वर्णन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकायचं, ही तिथली रीत. दुसऱ्या दिवशी मालकांनी बाकावर आमची सोय केली. मीही गेले. बायका कमीच होत्या, पण मी पदर खोचून बसले. मालकांच्या हातात लाहिरीसाहेबांचा सेट, अनंतदांच्या मुठीत त्यांचा स्वतःचा.

खेळ रंगला. लोक असे काही ओरडायला लागले, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मालकांनी आवाज वाढवायला बटण फिरवलं. दोन्ही बटणं सारखी! फिरवलं ते स्टेशनचं. वर्णन गेलं आणि कुठलीतरी बाई बाळंतिणीच्या आहारावर बोलायला लागली. मालकांनी चष्मा सावरला, मान खाली घातली आणि काटा शोधायला लागले.

आणि तेवढ्यात गोल! सगळं मैदान उठून नाचायला लागलं. छत्र्या उडाल्या, चपला उडाल्या. मालकांनी मान वर केली तेव्हा चेंडू जाळ्यात पडलेला होता. “के दिलो? कोणी मारला? के दिलो?” ते लहान पोरासारखे विचारत होते. एवढ्या मोठ्या मॅचचा एकुलता एक गोल, आणि तो त्यांनी बघितला नाही! लाहिरीसाहेब बाजूला बसून घाम पुसत होते.

अनंतदा समोर बघत होते. त्यांनी सगळा गोल बघितला होता आणि अंगठा तेवढ्यात आवाज वाढवून मोकळा झाला होता. मालकांनी हात पुढे केला. अनंतदांनी त्यांचा सेट त्या हातात ठेवला. मॅच संपेपर्यंत मालकांनी एकदाही मान खाली घातली नाही. उठताना म्हणाले, “लाहिरी, शोकेससाठी एक छोटं स्टँड करून घ्या. सेट हाच.”

मला एवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! जसं काही मीच मारला तो गोल.

सेट बाजारात आला आणि चालला. ट्राममध्ये, घाटावर, रिक्षावाल्याच्या मांडीवर, कुठेही तो दिसला की मी ओळख नसलेल्या माणसालाही सांगायची, “हमारे यहाँ बना है!” अनंतदा अशा वेळी माणसाकडे बघत नसत. त्याच्या अंगठ्याकडे बघत.

पण खरी परीक्षा बाकी होती. कारखान्यातून निघालेला अगदी पहिला सेट त्यांनी माईंच्या हातात ठेवला. माईंनी तो कपाळाला लावला, कौतुकाने बघितला. आठवड्याने मी गेले तेव्हा तो फळीवर होता. मोठ्या रेडिओशेजारी, स्टँडवर. माईंनी त्याला क्रोशाचं छोटंसं झाकण विणलं होतं. मोत्यांची झालर लावून!

अनंतदा झाकणाकडे बघत म्हणाले, “मैदान जिंकलं गं. घर हरलो.”

मला माईंचा रागच आला. पण त्या माउलीला कोण काय बोलणार? उरलेल्या लोकरीतून त्यांनी माझ्यासाठीही काहीतरी विणून ठेवलं होतं.

पुढे कलकत्त्यात वीज जायला लागली. लोडशेडिंग रोजचंच झालं. एक दिवस अनंतदा कारखान्यात आले ते सरळ माझ्या टेबलापाशी. आदल्या संध्याकाळची गोष्ट सांगायला लागले. बागबाजारात वीज गेलेली, जिन्यात मिट्ट काळोख. अनंतदा चाचपडत वर चढत होते आणि वरून भजन ऐकू आलं. आधी वाटलं शेजारचं. मग लक्षात आलं, वीज नाही, मोठा रेडिओ बंद, आणि आवाज आपल्याच घरातून येतोय. भजन संपलं. मग खरखर झाली. मग एक गाणं लागलं, थोडं वाजलं, पुन्हा खरखर, आणि दुसरं भजन लागलं.

“अंधारात, सुधा! काही दिसत नव्हतं तिला. दिसत नव्हतं म्हणूनच असेल, अण्णांचा काटा दिसला नाही, भीती नाही वाटली. अंगठ्याला सापडलं. मी पायऱ्यांवरच बसून राहिलो. आत गेलो असतो तर तिने लाजून बंद केला असता.”

असं म्हणून त्या लांबलचक माणसाने माझ्या टेबलापाशी सगळ्यांदेखत डोळे पुसले. मीही पुसले. त्या दिवशी माझ्या हातून शिक्के वाकडेच पडले.

पुढे आमची बदली झाली. सामान आधीच गेलं होतं. हावड्याला जाताना आम्ही टॅक्सी बागबाजारावरून घेतली. पाया पडून, पोह्यांचे लाडू बांधून घेऊन खाली उतरलो. टॅक्सीत बसून मी वर बघितलं. माई गॅलरीत उभ्या होत्या. डाव्या हाताने आम्हाला निरोप देत होत्या आणि उजव्या हातातला ट्रान्झिस्टर कानाशी होता. क्रोशाचं झाकण कुठच्या कुठे गेलं होतं. त्यातून फुटबॉलचं वर्णन ऐकू येत होतं. अनंतदा त्यांच्या मागे, वाकून ऐकत उभे.

माईंची नजर आमच्यावरच होती. अंगठा मात्र वर सरकला आणि वर्णन तुटलं.

“माई!” अनंतदा ओरडले. “अगं मी ऐकतोय ना, गोल होईल आता! बदलू नकोस!”

“रोज मेलं तेच तेच,” माई म्हणाल्या आणि त्यांनी भजन लावलं.

टॅक्सी सुरू झाली. अनंतदा गॅलरीच्या कठड्यावरून अर्धे बाहेर वाकले, दोन्ही हात उंच केले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, “बघितलंस, सुधा? न बघता लावलंन गं! न बघता!”